पाळण्याची जकात

बाळंतपणानंतर मी पहिल्यांदाच सीमेपलीकडून माहेरी येत होते. आई नाक्यावर घ्यायला आली होती. जकात अधिकाऱ्याने नेमका पाळणाच अडवला.

"अहो, लाकूड आमच्या बागेतलं! आम्हीच पाठवलं होतं, जावयांनी फक्त घडवलं," आई म्हणाली.

"लाकूड इथलं असलं, तरी वस्तू तिकडे घडली. जकात पडणारच."

आईने माझ्या हातातली तान्ही नात उचलून त्याच्यापुढे धरली. "मग हिच्यावरही लावा. लेक आमची, पण ही घडली तिकडेच!"

साहेब हसले. "आजी, हिला सूट आहे. थोड्या दिवसांत परत जाणाऱ्या मालावर जकात नसते."

आईने नातीला छातीशी घट्ट धरलं आणि पर्स उघडली.

"सूट नको. दोघांची पावती फाडा."