ऊर्मीची कामगिरी

टुप्!

चिडीचूप घरात तेवढाच आवाज झाला आणि बाथरूमच्या दाराशी श्वास रोखून बसलेली केतकी ताडकन उठली. आठवडाभर तिची चार वर्षांची ऊर्मी पॉटीवर बसायची, ‘दुखतंय’ म्हणून रडायची आणि शी घट्ट दाबून धरायची. झालीच तर शेळीच्या लेंड्यांसारखी, कडक. पोर जेवत नाही म्हणून केतकीनं तिला नुसत्या दुधावर ठेवलं होतं. डॉक्टरबाईंनी उलट तिलाच झापलं होतं, “पोटात काय चाललंय ते शी सांगते, रोज बघत जा. दूध कमी करा. पाणी, पपई, भाजी वाढवा. नाहीतर एनिमा द्यावा लागेल.” एनिमाचं नाव ऐकताच केतकीनं त्याच दिवशी दूध निम्म्यावर आणून पपई सुरू केली होती.

तिनं भीत भीत वाकून पाहिलं. पिकल्या केळ्यासारखी, मऊ, अखंड!

“दुखलं का गं, बाळा?”

“नाही. आपोआप आली.”

“अरे, लवकर ये! बघ तरी!” केतकीनं नवऱ्याला हाक मारली. तो कणकेच्या हातांनीच धावत आला.

“वा वा, काय सुरेख! हिला बक्षीसच द्यायला हवं.”

“गुणाची माझी पोर ती!” केतकीनं लेकीचे पटापट मुके घेतले, तिला धुतलं आणि पॉटी कमोडमध्ये रिकामी करायला उचलली.

ऊर्मीनं दोन्ही हातांनी तिचा गाऊन ओढला. ओठ काढून म्हणाली, “आई, एवढी छान झालीये, तर मग टाकून का देतेस?”