सत्तरच्या आत

"बहात्तर," रामनाथ म्हणाला.

"मागच्या रविवारी किती होतं?"

"बहात्तरच."

मेघाली काट्यावरून उतरली, पायांत चपला सरकवल्या आणि त्या काट्याला एक लाथ घालावी का, याचा तिने अगदी मनापासून विचार केला. रामनाथ कामाला होता त्या वडप्याच्या गोदामातला मालाचा काटा तो, तिच्या लाथेने त्याचं काय बिघडणार होतं! आठवडाभर तिने भाताचं शीत तोंडात घातलं नव्हतं. गावात हळद झाली, पंगतीत मटणाचा रस्सा फिरला आणि ही बाई कोपऱ्यात काकडी चावत बसली. बायका कुजबुजल्या, या वयात कुठली हिरॉईन व्हायचीय हिला?

हिरॉईन नव्हतं व्हायचं. रामनाथला किडनी द्यायची होती.

धाकटा भाऊ. लग्नाची बोलणी चाललेली असतानाच त्याचं दुखणं निघालं आणि तेव्हापासून तो डायलिसिसच्या मशीनला जुंपलेला. आईवडील राहिले नव्हते. रक्तगट जुळला तो एकट्या मेघालीचा. ठाण्याच्या डॉक्टरांनी झाडून सगळ्या तपासण्या केल्या आणि अडवलं ते वजनावर. "सत्तरच्या आत या, मग पुढचं बघू. एवढ्या वजनावर किडनी काढली तर उद्या तुम्हालाच त्रास." तेव्हा ती चौऱ्याऐंशी किलो होती. दिवाळीनंतर पुन्हा यायचं होतं. तोवर जमलं नाही तर रामनाथचं नाव प्रतीक्षायादीत, आणि त्या यादीत माणसं वर्षानुवर्षं थांबतात.

सुरुवातीला वजन कसं झरझर उतरलं! दर रविवारी शेलारहून रिक्षाने वडप्याला यायचं, भावाच्या काट्यावर चढायचं आणि हसत घरी जायचं. पावसाळा लागला आणि गाडं अडलं. आधी आठवड्याला अर्धा किलो, मग पाव, मग काहीच नाही.

मेडिकलवाल्याच्या काट्यावर चढायला रामनाथनेच मनाई केली होती. "ते काटे खोटारडे असतात, ताय. सकाळी एक सांगतात, संध्याकाळी दुसरंच. आमच्या काट्याला सरकारी शिक्का हाय." तिला ते पटलं होतं. ज्या काट्यावर शेठलोकांचा माल विश्वासाने जोखला जातो, तो आपल्यासारख्या बाईशी कशाला खोटं बोलेल? ती चढली की रामनाथ तिचा दंड धरायचा, एक पाय काट्याच्या कडेला टेकायचा आणि वाकून आकडा वाचायचा. स्वतः आजारी, पण बहीण तोल जाऊन पडू नये याची त्याला कोण काळजी!

"ताय, आता राहू दे," तो म्हणाला. "उपाशी राहून तूच आडवी होशील. माझं मशीन चाललंय ना?"

"मशीनवर किती दिवस काढशील?"

"निघतील तितके. तुझ्या पोरी बारक्या हायत. तुला काय झालं तर त्यांना कोण बघंल?"

मेघालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इथे आपण जीव आटवतोय आणि हा पाय मागे ओढतोय!

"मला जमणार न्हाय, असंच म्हणायचंय ना तुला? सरळ बोल की!"

रामनाथ वाकून काटा पुसायला लागला.

त्या दिवसापासून तिने भाकरीही निम्मी केली. पहाटे बांधाबांधाने तरातरा चालायला लागली. तिचा सगळा राग घरावर निघायचा. आमटीत तेलाचा तवंग दिसला म्हणून नवऱ्याने, काळूरामने, बोलणी खाल्ली. ब्लाउज ढगळ झाले म्हणून टेलरला झापलं. कापडच भिकार निघालं म्हणाली. शेजारच्या काशीकाकू कौतुकाने म्हणाल्या, "काय गो, निम्मी झालीस!" तर ही फणकारली, "त्या काट्याला सांगा ना, काकू!"

दिवाळीत काळूरामने शपथ घालून अर्धी करंजी पुढे केली. तिने ती गाईला घातली आणि गोठ्यातच बसून रडली. भाऊ गेला तर तो आपल्या जिभेपायी गेला असं होईल, या एकाच भीतीने तिचा जीव पोखरला होता.

दवाखान्याच्या आधीच्या रविवारी काटा म्हणाला, एकाहत्तर.

"एक किलो!" तिने कपाळावर हात मारला. "फक्त एका किलोसाठी अडलंय रे माझं!"

"जाऊ दे, ताय. तुझ्याकडून झालं तितकं तू केलंस."

ती ठाण्याला गेली ती डॉक्टरांचे पाय धरायच्या तयारीने. एवढ्या एका किलोसाठी अडवू नका म्हणायचं, लिहून द्यायचं, वाटेल ते करायचं. बाहेरच्या बाकावर बसल्या बसल्या रामनाथ म्हणाला, "तू जाऊन ये. मी बसतो इथंच."

आत नर्सने तिला वजनावर उभं केलं.

"चौसष्ट."

"सिस्टर, मशीन बिघडलंय तुमचं. नीट बघा."

नर्सने पुन्हा बघितलं. मग दुसऱ्या खोलीतलं मशीन आणलं. चौसष्टच.

डॉक्टर हसायला लागले. "अहो ताई, सत्तरच्या आत या म्हटलं होतं. इतकं आत जायला कुणी सांगितलं होतं? चला, ऑपरेशनची तारीख ठरवू."

चपला घालायचंही तिला सुचलं नाही. ती तशीच अनवाणी बाहेर पळाली. "रामनाथ! चौसष्ट! अरे, चौसष्ट भरलं माझं!"

रामनाथने मान वर केली नाही.

"ठाव हाय, ताय," तो म्हणाला. "सत्तरच्या आत तर तू गणपतीतच आलीस."