विहिरीचं नाव

कादंबरीकार रमाबाई वडीगोद्रीच्या वाचनालयात बोलायला उभ्या राहिल्या आणि आल्या आल्या त्यांनी मोबाईलवर कथा लिहिणाऱ्यांची सालटी काढायला घेतली. "रोज एक भाग, रोज एक खून. याला लिहिणं म्हणायचं? भजी तळणं आहे हे." बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

दैवशालाही हसली. राजानंद या नावानं मोबाईलवर लिहिणारी तीच, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजारच्या खुर्चीत तिचा दीर बसला होता. भारत, वाचनालयाचा अध्यक्ष.

"पण एक राजानंद आहे," रमाबाई म्हणाल्या, "त्याला मी मानते. विलायतेत दीडशे वर्षांमागं बायका पुरुषाच्या नावानं कादंबऱ्या लिहायच्या. हा राजानंदही बाईच आहे, पैजेवर सांगते. नवरा बायकोला विहिरीत ढकलतो आणि जाऊ ते माडीवरून बघते, तो भाग वाचा. हे बसल्या जागी सुचत नाही. बघितलेलं आहे."

बाई, पुरे आता, बसा खाली, दैवशाला मनात म्हणत होती. पण बाई कुठल्या बसतात. शिव्या देताना घोटभर पाणी तरी पीत होत्या, कौतुकाला लागल्यावर तेही न्हाई.

"आणि भाषा बघा. त्या विहिरीला ती बुढी म्हणते. 'बुढीवर गेली ती गेलीच.' विहिरीला बुढी म्हणलेलं मी आजवर कुठंच ऐकलं नव्हतं."

गाव, माणसं, सगळ्यांची नावं दैवशालानं बदलली होती. बुढी तेवढी राहून गेली. लग्न होऊन आल्यापासून घरात तोच शब्द. तिला वाटायचं, जुन्या विहिरीला सगळीकडं बुढीच म्हणतात.

टाळ्या पडल्या. भारतनंही वाजवल्या. त्याची बायको नंदा बुढीत पडून गेली, तेव्हा पाय घसरला म्हणून पोलिसांना त्यानंच सांगितलं होतं.

दैवशाला बाहेर चपला शोधत होती, तर तो मागं येऊन उभा राहिला.

"वहिनी, दादाला फुडं लावून दिलं मी. तुम्ही बसा माझ्या गाडीवर."

"मी येते की बायकांसंगं."

"त्यांची रिक्षा गेली. चला." त्यानं गाडी चालू केली. "वाटंत सांगा मंग, शेवट काय करून राह्यल्या तुम्ही."