घासूनपुसून अस्सल

भाऊ कायम म्हणायचा, बाबांचं स्विस घड्याळ नकली असणार. म्हणून आई गेल्यावर शमिकानं ते हट्टानं जर्मनीत, रेगेन्सबर्गला आणलं आणि एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे तपासायला दिलं. आज त्यानं घड्याळ तिच्या हातावर अभिमानानं ठेवलं. “आल्झो... तर, शंभर टक्के अस्सल! यंत्र, तबकडी, काटे, सगळं मूळचं. फक्त पट्टा अडकतो त्या खाचांत लालसर काहीतरी घट्ट बसलं होतं. गंज वाटला, पण नुसती घाण होती. सगळी काढली. बघा, कसं लखलखतंय!” बाबा गेल्यापासून आईनं कपाळाला कुंकू लावलं नव्हतं. दर दसऱ्याला मात्र बाबांच्या पाना-पक्कडीशेजारी ती हे घड्याळ पूजेत मांडायची आणि त्याला कुंकवाचं बोट टेकवायची. “डांके,” शमिकानं कसेबसे आभार मानले. दुकानाबाहेर येऊन तिनं एकेका खाचेतून नख फिरवलं. नखाला काहीच लागलं नाही.