चौतीस वर्षांचा निवडुंग

“वास घ्या,” काटेबाई म्हणाल्या आणि कुंडीतून उपसलेला निवडुंग त्यांनी मास्तरांच्या नाकासमोर धरला.

मास्तरांनी तोंड वाकडं केलं. “कुजकट येतोय.”

“मुळं कुजलीत. पाणी किती घालता?”

“थोडंसंच.”

“थोडंसं म्हणजे?”

“रोज सकाळी एक पेला.”

काटेबाईंनी कपाळावर हात मारला. निवडुंगाला रोज पेलाभर पाणी! वडिलांची नर्सरी हातात आल्यापासून त्यांनी निवडुंगाशिवाय दुसरं काही विकलं नव्हतं. त्यामुळे त्यांचं खरं नाव लोक कधीच विसरले होते, आणि बोलणंही नावाला शोभेसंच होतं. मास्तर तीन गल्ल्या पलीकडचे शिंपी. दुकान बंद करून पाच वर्षं झाली, तरी गळ्यातली टेप सुटली नव्हती. बायको जाऊन आठ महिने झाले होते.

“चौतीस वर्षांचा आहे हा,” मास्तर म्हणाले. “लग्न झाल्या झाल्या मीच तिला आणून दिला. म्हटलं, हा माझ्यासारखा आहे, काही केलं तरी मरायचा नाही. तेव्हापासून हाच. कधी साधा शिंकला नाही.”

“निवडुंग शिंकत नाहीत, मास्तर.”

“मी पाणी घातलं की ती आतून ओरडायची. ओरडा ऐकायला मुद्दाम घालायचो. आता ओरडायला कोणी नाही, तर हातच आवरत नाही बघा.”

काटेबाईंना एकदम भरून आलं. त्या चाकू पुसत बसल्या, गरजेपेक्षा जास्तच वेळ.

मग त्यांनी मुळांवरची ओली माती झटकली. मुळं काळी पडली होती, हात लागताच लगदा होऊन गळत होती. ती त्यांनी छाटून टाकली. खोडाचा बुडखा चकती चकती करून कापत गेल्या. दर कापाला चाकू स्पिरिटनं पुसायचा, नाहीतर कुज वर चढते. चौथ्या चकतीला आतला गर पांढरा लागला. त्यावर त्यांनी कोळशाची पूड दाबली.

“आता दहा दिवस इथेच, सावलीत असाच उघडा. जखम सुकली की जाड वाळू आणि विटेचा चुरा घालून लावायचा. पुढे आठवडाभर पाण्याचा थेंब नाही. आणि नंतरही बोट खुपसून बघायचं. माती खालपर्यंत कोरडी असेल तरच पाणी. समजलं?”

“समजलं. वाचेल ना पण?”

“बघू.”

“बघू म्हणू नका हो. हाच वाचायला हवा, काटेबाई.”

मास्तर गेले आणि काटेबाई स्टुलावर टेकल्या. चौतीस वर्षं म्हणे! अहो, कुठली चौतीस वर्षं! मास्तरांची बायको, म्हणजे वहिनी, दर चार-पाच वर्षांनी पदराआड कुंडी लपवून यायच्या. आत कुजलेला निवडुंग. पहिले दोन काटेबाईंच्या वडिलांनी बदलून दिले होते, पुढचे पाच काटेबाईंनी. वहिनी तासभर सगळ्या फळ्या धुंडाळायच्या. तेवढीच उंची हवी, तेवढ्याच कडा हव्या, रंगही तोच. एकदा तर सगळं जुळलं आणि नव्याला बाजूला एक पिल्लू फुटलेलं निघालं. ते मोडताना दोघी हसून हसून बेजार झाल्या होत्या.

“सांगून टाका ना त्यांना, पाणी घालू नका म्हणून,” काटेबाई म्हणायच्या.

“सांगते की रोज. पण त्यांच्या पाण्यानं मेला हे कळलं, तर चार दिवस जेवायचे नाहीत. फार जीव आहे हो त्यांचा त्याच्यावर.”

शेवटच्या खेपेला वहिनी कठड्याला धरून धरून आल्या होत्या. नवा निवडुंग पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, “माझ्यामागे ते स्वतः घेऊन येतील. तेव्हा गुपचूप बदलून द्या. त्यांना कळता कामा नये. शब्द द्या.”

काटेबाईंनी शब्द दिला होता.

दहाव्या दिवशी त्यांनी निवडुंग उलटा करून पाहिला. जखम सुकली होती, पण मधोमध तपकिरी ठिपका दिसत होता. पुन्हा कापता आलं असतं. पुन्हा दहा दिवस थांबायचं, मग जगला तर जगला. दुसऱ्या कोणाचा असता तर त्यांनी कापलाही असता. इथे मात्र त्यांची छाती होईना. म्हाताऱ्या माणसाला काय तोंड दाखवायचं?

त्यांनी फळ्या धुंडाळल्या. तेवढ्याच उंचीचा, तेवढ्याच कडांचा एक सापडला. मास्तरांची कुंडी घासून वाळवली, खालचं भोक मोकळं केलं, कोरड्या वाळूत नवा लावला. जुना त्यांनी बाकीच्या सडक्या रोपांबरोबर मागच्या पिंपात जाळून टाकला. कुज नर्सरीत ठेवायची नाही, हा वडिलांचा नियम. वहिनी असत्या तर खूश झाल्या असत्या, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर इस्त्रीचा सदरा घालून आले. काटेबाईंनी कुंडी त्यांच्या हातात दिली.

“घ्या. ठणठणीत झाला. आता पेला लपवून ठेवा.”

मास्तरांनी कुंडी हळूहळू फिरवली. एकदा, मग पुन्हा एकदा. मग ती जपून काउंटरवर ठेवली.

“छान आहे,” ते म्हणाले. “जुना कुठे आहे?”

“जुना म्हणजे? हाच की तो!”

“अहो, ती दर वेळी नवा आणून ठेवायची, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं,” मास्तर म्हणाले. “पण तो तिच्या हातचा शेवटचा होता.”