प्रात्यक्षिकाचे गुण

"अहो, पण वेल्डिंग काय कागदावर करायचंय का?" कार्यशाळाप्रमुखांनी टेबलावर हात आपटला. चहाचे कप बशीत खडखडले. प्राचार्यांनी मात्र कॅल्क्युलेटरवरून नजर उचलली नाही.

तंत्रनिकेतनात वेल्डिंग शिकवणाऱ्या निदेशकाचे एकच कायम पद भरायचे होते आणि उमेदवार दोनच उरले होते. एक, कित्येक वर्षे कंत्राटावर हेच काम करणाऱ्या ताई. दुसरा, त्यांच्याच हाताखाली शिकून संस्थेत पहिला आलेला मुलगा. पद भरले की कंत्राट संपणार होते. ताईंची निवड झाली नाही, तर त्यांना घरी बसावे लागणार होते. आणि घर त्यांच्याच पगारावर चालत होते.

नियमांत अनुभवाला स्थान नव्हते असे नाही. तीन वर्षांच्या अनुभवाला दहा गुण मिळत. त्यापुढच्या अनुभवाला काही नाही. उरलेला सारा भार परीक्षेतील टक्क्यांवर होता.

"म्हणजे चौथ्या वर्षापासून ही बाई इथं झोपा काढत होती?"

"नियम मी केलेले नाहीत," प्राचार्य म्हणाले. "मी बेरीज करतोय. मुलगा पुढे आहे. थोडासाच, पण पुढे आहे."

थोडासाच. प्रमुख एकदम सावरून बसले. मुलाची ती आघाडी प्रात्यक्षिकाच्या गुणांवर उभी होती: पन्नासपैकी पन्नास. संस्थेचा निकाल चांगला दिसावा म्हणून हे गुण दरवर्षी सढळ हाताने वाटले जात. सांधा हाताने ओढून सुटला तरी पंचेचाळीस ठरलेले. हे त्या खोलीत कोणाला सांगावे लागत नव्हते. ते गुण वगळले, तर ताई सहज पुढे जात होत्या. आणि ते देणाऱ्या परीक्षक स्वतः ताईच होत्या.

"त्यांनाच बोलवा," प्रमुख म्हणाले. "रिवाजाप्रमाणे दिले म्हणाल्या, तर वगळाल ना?"

"वगळतो," प्राचार्य म्हणाले. त्यांनाही हे प्रकरण एकदाचे संपवायचे होते.

ताई आल्या त्या वैतागूनच. काळ्या काचेचा चष्मा कपाळावर तसाच होता. "लवकर बोला, सर. वर्ग अर्ध्यात टाकून आलेय. तिकडे पोरांनी एव्हाना बाकं वेल्ड केली असतील एकमेकांना."

"ताई, त्या मुलाला प्रात्यक्षिकाचे जे गुण दिलेत," प्रमुख एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "ते आपल्याकडे सगळ्यांना देतात, तसेच दिले ना? नीट विचार करून सांगा." त्यांनी डोळ्यांनी खूणही केली. ती प्राचार्यांना दिसली आणि त्यांनी ती न दिसल्यासारखे केले.

ताईंनी दोघांकडे पाहिले. त्यांना सारे समजले.

"बाकीच्यांना दिले तसे," त्या म्हणाल्या. "त्याला नाही. त्याचा सांधा मी वाकवून पाहिला, कापून पाहिला, घणाखाली घातला. एखादा गुण कापायला जागा शोधत होते. नाही सापडली."

प्राचार्यांनी बेरजेखाली रेघ ओढली आणि मुलाचे नाव लिहिले.

प्रमुखांनी ताईंना व्हरांड्यात गाठले. इतकी वर्षे सांभाळलेले 'अहो-जाहो' आता त्यांच्या तोंडून गळून पडले. "डोकं फिरलंय का गं तुझं? एक वाक्य! एक वाक्य बोलायचं होतं! मी तिथं अनुभव, अनुभव म्हणून घसा फोडतोय आणि तू आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतेस?"

"ओरडू नका, सर. घरी जाऊन काय सांगायचं, तेच मला सुचत नाहीये." ताईंनी चष्मा उतरवला. तो पुसला. मग त्यांचाही आवाज चढला.

"पण मला एक सांगा. त्या पोराला वेल्डिंग येत नाही असं मीच म्हटलं असतं, तर इतकी वर्षं मी इथं केलं काय?"