मागच्या सीटवरचे डबे

ऋतिका, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. गाडी देवळासमोर उभी. चारही चाकांखाली लिंबं. दत्तारामकाका हात जोडून उभे, त्यांच्या शेजारी दर्शना हात जोडून उभी, आणि बापलेक एकमेकांकडं बघायला तयार नाहीत. देवासमोर भांडण, तेही मनातल्या मनात!

भांडण कशावरून, तर गाडी चालवणार कोण.

दत्तारामकाका मुंबईला छापखान्यात असतात. नाताळच्या सुट्टीत घरी आले ते जुनी लाल गाडी घेऊनच. दर्शनानं लगेच बेत आखला. आमच्या देवरुखाकडं आत्ता सकाळी शेकोटीपासून उठवत नाही, आणि खाली समुद्रावर नुसत्या टी-शर्टात फिरता येतं. म्हणून पावस, पूर्णगड, तिथनं समुद्राच्या कडेकडेनं विजयदुर्ग, देवगड, पार मालवणपर्यंत. घरात दुसरा विषय नाही. मुक्काम कुठं, मासे कुठं खायचे, सगळ्यावर बापलेकीचं एकमत. फक्त स्टेअरिंगवर नाही.

"मला सगळा रस्ता पाठ आहे बाबा," दर्शना म्हणायची.

"रस्ता पाठ हाय आणि घरासमोरचा चढ चढवत नाय. किती वेळा बंद पाडलीस?"

"आणि तुम्ही? मुंबईत तर बसनंच फिरता!"

सीताकाकीची, म्हणजे दर्शनाच्या आईची जागा मात्र पहिल्याच दिवशी ठरली. मागची सीट. मांडीवर डबे. एक चकल्यांचा, एक लाडवांचा, एक भाकऱ्यांचा. "ती काय, मागं डबे घेऊन बसेल," काका म्हणाले. काकी गुडघ्याला तेल चोळत बसली. डावा गुडघा दुखायचा तिचा, पावसाळ्यापासून. "मंगळवार-शुक्रवार बचत गटाच्या मीटिंगला देवरुखला पळतेस, मग दुखेल नाय तर काय?" असं काकांनी तिला सुनावलंसुद्धा.

शेवटी काका म्हणाले, कौल लावू. देव सांगेल तो चालवील. दोघांनाही नाही म्हणाला, तर बेत रद्द आणि गाडी अंगणातल्या मांडवात. दर्शना रागाच्या भरात "चालेल" म्हणून बसली.

देवळापर्यंत गाडी काकांनीच आणली, बॅगा भरून, म्हणजे कौल मिळाला की तिथनंच निघायचं. त्या वाटेला दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचे गडगे, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण. वळणावर आरसा खर्रकन घासला. काकी मागनं हळूच म्हणाली, "जरा आधी फिरवायला हवं होतं."

"तू डबे सांभाळ," काका म्हणाले.

तू पुण्याची, तुला कौल माहीत नसेल. देवाच्या मूर्तीवर ओल्या कळ्या चिकटवतात, उजवीकडं आणि डावीकडं. गुरव देवाला विचारतो. उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. मग त्यावर कुणी वाद घालायचा नाही.

"बा देवा म्हाराजा," गुरवकाकांनी सुरू केलं, "हा दत्ताराम गाडी हाकणार म्हणतो, तर तुझी मर्जी काय ती सांग."

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे ओरडलो.

टप्. डावी.

काकांचं तोंड बघायला हवं होतंस! दर्शनाला हसू आवरेना. मग तिच्या नावानं लावला. ती श्वास रोखून उभी. कळी जराशी सरकली, थांबली, परत सरकली. पडली. तीही डावीच.

आता कोण हसणार? दर्शनाचे डोळे भरले. पूर्णगडला खोली सांगून ठेवलेली, पोरीनं नवा गॉगल डोक्यावर चढवलेला. काकांनी चावी खिशात टाकली. "चला घरी."

गुरवकाका वैतागले. "मग आता काय देवानं चालवायची गाडी?"

तेवढ्यात सीताकाकी पुढं झाली. पदर कमरेला खोचला. "अजून एकदा लावा. माझ्या नावानं."

सगळे हसले. काका सगळ्यात मोठ्यानं. "अगो, देवाची मस्करी करतेस काय?"

"तुम्ही लावा," काकी गुरवकाकांना म्हणाली.

लावला. आणि गाऱ्हाणं पुरतं व्हायच्या आत कळी पडली. उजवी!

काकीनं देवाला नमस्कार केला. काकांच्या खिशातनं चावी काढून घेतली. गाडीत बसली, सीट पुढं ओढली, आरसा आपल्या उंचीला आणला. डाव्या पायानं क्लच दाबला. चारही लिंबं फटाफट फुटली आणि गाडी मागं निघाली. त्या गडग्यांमधनं, रिव्हर्समध्ये, ऋतिका! एक चिरा हलला नाही.

"मंगळवार-शुक्रवारची मीटिंग!" दर्शना किंचाळली.

गुरवकाकांच्या हातातनं ताम्हण सुटलं. "आमची पण त्याच मीटिंगला जाते!"

आम्ही सगळे गाडीमागं धावत सुटलो. रस्त्यावर काकीनं गाडी उभी केली, काच खाली केली. दर्शना उडी मारून आईशेजारी, पुढच्या सीटवर. काका धापा टाकत पोचले.

"लायसन?" त्यांनी एवढंच विचारलं.

"चकल्यांच्या डब्यात हाय. मांडीवर घेतलात की सापडेल."

आता खरं सांग, काकांच्या जागी तू असतीस, तर मुकाट्यानं मागं डबे घेऊन बसली असतीस, की गुरवकाकांना अजून एक कौल लावायला सांगितलं असतंस?